समासातला ठिपका

२००७च्या मार्चमध्ये वाचनालयातून मिस ब्रँटचा फोन आला, तेव्हा मी गुडघ्यांना तेल लावत बसले होते. हात तेलकट, म्हणून फोन मशीनवर जाऊ दिला आणि तिचं बोलणं बसल्या जागेवरून ऐकलं. कूपर फील्ड जूनमध्ये पाडणार. त्या जागी पावसाचं पाणी साठवायला तळं खणणार. त्याआधी गावातर्फे आठ-दहा पानांची एक पुस्तिका काढायची आहे, तर मैदानाचा इतिहास मी लिहून द्यावा. "आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही, मिसेस टी."

टी म्हणजे तेरदाळकर. इलिनॉयमधल्या या गावात मला अडतीस वर्षं झाली, पण पूर्ण आडनाव म्हणायचा प्रयत्न करणारे दोघेच भेटले, एक दातांचे डॉक्टर आणि एक पोस्टमन. दोघांच्याही तोंडी ते वेगवेगळं यायचं.

एका अर्थी ती खरं बोलत होती. कूपर फील्डवर १९७३ ते १९९४ मी स्कोअरर होते. त्या सगळ्या सामन्यांच्या बावीस वह्या आमच्या तळघरात, वॉशिंग मशीनशेजारच्या फळीवर आहेत. पहिल्या वहीत एक पान असं आहे की ते मला छापायचं नव्हतं आणि न छापता इतिहास पूर्ण होत नव्हता. मी चार दिवस फोन केला नाही. पाचव्या दिवशी मिस ब्रँट स्वतः केळ्याचा केक घेऊन आली. मग हो म्हणावं लागलं.

मैदान १९३७ सालचं. मंदीत हाताला काम नसलेल्या लोकांना सरकारने कामाला लावलं, त्यांनी ते बांधलं. लोखंडी खांब, लाकडी बाकं, वर पत्र्याचं छप्पर, आणि प्रेक्षकांना चेंडू लागू नये म्हणून समोर जाळी. जाळी कोंबड्यांच्या खुराड्याची असते तीच, फक्त उंच. गावात तेव्हा पिंपं बनवायचा मोठा कारखाना होता आणि इंग्रजीत पिंपं बनवणारा तो कूपर, म्हणून संघाचं नाव कूपर्स. हा संघ सगळ्यात खालच्या पायऱ्यांवरचा. एकोणीस-वीस वर्षांची मुलं इथे यायची, उन्हाळा खेळायची आणि बहुतेक जण सप्टेंबरमध्ये बॅग उचलून कायमचे घरी जायचे. एखाददुसरा वरच्या संघात जायचा. तो कुठे पोचला ते आम्ही पेपरात शोधायचो.

आम्ही १९६९ मध्ये आलो तेव्हा पिंपांचा कारखाना बंद पडला होता आणि मनोहरना, म्हणजे माझ्या यजमानांना, पंप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी होती. गावात मराठी सोडाच, भारतीयसुद्धा आम्हीच. मनोहर कामावर गेले की मी लहानग्या आसावरीला घेऊन मैदानावर जाऊन बसायची. तिथे माणसांचा आवाज असायचा आणि कुणी मला काही विचारत नसे. हात रिकामे कसे ठेवायचे म्हणून मी वहीत खेळ टिपायला लागले.

टिपायचं मला वडिलांनी शिकवलं होतं. अण्णा बेळगावात पोस्टात होते आणि रविवारी जिमखान्याच्या क्रिकेट सामन्यांचे स्कोअरर. दोन टोकदार पेन्सिली, एक खोडरबर, मांडीवर लांबट वही. क्रिकेटला स्कोअरर दोन असतात, दोन्ही संघांचा एकेक. शेजारी शेजारी बसतात आणि षटक संपलं की आकडे एकमेकांना वाचून दाखवतात. अण्णांना एखाद्या गोष्टीची शंका आली तर ते समासात पेन्सिलीने बारीक ठिपका देत. चहाच्या वेळी शेजारच्या स्कोअररशी बोलून तो निकालात काढत आणि ठिपका खोडून टाकत. शेवटी दोघं पानावर सही करत. ठिपका असलेल्या पानावर अण्णांनी कधी सही केली नाही.

कूपर्सचे स्कोअरर होते मिस्टर ओडेल, जुने वार्ताहर. त्यांची दृष्टी गेली होती आणि ते कबूल करत नव्हते. एकदा त्यांनी माझ्या वहीत डोकावलं आणि मला छपरावरच्या खोलीत त्यांच्याशेजारी बसायला बोलावलं. मी बघायचं, त्यांनी लिहायचं. ते गेले तेव्हा हंगाम अर्धा झाला होता आणि दुसरं कुणी मिळत नव्हतं. अशी मी स्कोअरर झाले. त्या खोलीत जायला बाहेरून लोखंडी शिडी होती. मी पदर खोचून, निऱ्या वर घेऊन चढायची आणि खाली उभी असलेली माणसं शिष्टाचार म्हणून दुसरीकडे बघायची. पुढच्या वर्षी मी पँट शिवून घेतली.

इथे मला एक गोष्ट समजावून सांगायला हवी, नाहीतर त्या पानाचं कळणार नाही. बेसबॉलमध्ये पिचरने टाकलेला चेंडू मारून बॅटर पहिल्या बेसवर पोचला, तर तो का पोचला हे स्कोअररने ठरवायचं असतं. त्याने चांगला मारला म्हणून पोचला असेल तर हिट. समोरच्या खेळाडूने हातातला चेंडू सोडला म्हणून पोचला असेल तर एरर. हिट बॅटरच्या नावावर, एरर सोडणाऱ्याच्या नावावर. माझ्या टेबलावर दोन बटणं होती. एक दाबलं की मैदानापलीकडच्या फळ्यावर एच पेटायचा, दुसरं दाबलं की ई. आणि शेजारी कुणी नाही. विचारायचं तर कुणाला विचारणार.

क्रिकेटच्या वहीत क्षेत्ररक्षकाच्या चुकीला घर नसतं. त्याच्या पायांतून चेंडू गेला, तरी धावा फलंदाजाच्याच. हे माझ्या हातात लहानपणापासून होतं.

इतिहास मी मराठीत लिहायचा आणि आसावरीच्या मुलीने, सियाने, इंग्रजीत टाईप करायचा असं ठरलं. सिया कॉलेजात शिकते, शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली आहे. शॉमबर्गहून ती शनिवारी येणार, आणि तळघरातल्या वह्या वर आणायला गिरीश येणार. गिरीश नागपूरचा, आमच्या मागच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. माझ्या मोतीबिंदूनंतर मला दुकानात, दवाखान्यात तोच नेतो.

एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. गिरीशने धूळ झटकली आणि पहिलीच वही उघडली.

"काकू, हे काय बाप्पा. ही तर रांगोळी आहे."

"तू कोडिंग करतोस ते मला काय दिसतं? तसंच हे."

"नाही, खरंच सांगतो. मॅच रोज बघता आली असती आणि आपण इथे काय करतोय, स्टेटस मीटिंग. यार सिया, तुझी आजी लकी होती."

"शी वॉज अप ऑन अ टिन रूफ इन ऑगस्ट," सिया म्हणाली. "नॉट दॅट लकी." ती पानं भराभर उलटत होती. मग थांबली. "आजी, हा डॉट काय आहे? मार्जिनमध्ये."

मला वाटलं होतं ठिपका आता पुसट झाला असेल. चौतीस वर्षांत तो जरासुद्धा पुसट झाला नव्हता.

"ते राहू दे."

"बट इट्स ओन्ली ऑन धिस पेज." तिने पानावर बोट फिरवलं. तिला वही वाचता येते, हे मी विसरले होते. "वन हिट. आठव्या इनिंगमध्ये. टू शॉर्टस्टॉप. आजी, हा माणूस ऑलमोस्ट नो-हिटर टाकत होता."

"नो-हिटर म्हणजे?" गिरीश.

"म्हणजे पिचरने पूर्ण गेममध्ये एकही हिट द्यायची नाही. पीपल वेट देअर होल लाइफ."

मग मी सांगितलं. मनोहर सोडून कुणाला सांगितलं नव्हतं आणि मनोहर जाऊन सहा वर्षं झाली होती.

रविवार, १९ ऑगस्ट १९७३, दुपारचा सामना. माझा एकटीचा अकरावा. पत्रा इतका तापला होता की पेन्सिल बोटांतून घसरत होती. कूपर्सचा पिचर डेल हॅग्स्ट्रम, एकवीस वर्षांचा, आयोवाच्या शेतावरून आलेला, लांब हातांचा. नवांपैकी आठव्या डावापर्यंत समोरच्या संघाला एकही हिट नव्हती. अशा वेळी मैदानात कुणी त्याबद्दल बोलत नाही, बोललं तर मोडतं म्हणे. मीसुद्धा वहीत बघत नव्हते. दोघं बाद झाले होते. तिसऱ्याने मारलेला चेंडू घरंगळत शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूकडे, गेला. तो वाकला. चेंडू त्याच्या हातमोज्याखालून, गुडघ्याजवळून मागच्या गवतात गेला. सोपा चेंडू होता. आसावरीने अडवला असता.

आणि मी एच दाबला.

विचार करून नाही. अण्णांच्या वहीत चेंडू मागे गेला की धाव फलंदाजाची. तो हात होता. फळ्यावर एच पेटला. मग लोक मागे वळून वर, माझ्या खिडकीकडे बघायला लागले. त्यानंतर ओरडले. मॅनेजरने खालून फोन केला, बाई, तुम्ही कुठला खेळ बघताय. मी म्हटलं, हिट आहे. आणि त्याने पुढे काही विचारायच्या आत फोन ठेवला. लिहिताना मात्र मी समासात ठिपका दिला.

"देन व्हॉट? चेंज करता येतं ना?" सियाने विचारलं.

येतं. स्कोअररला चोवीस तास असतात. त्या संध्याकाळी पोळ्या लाटताना मला लख्ख दिसलं की ती एरर होती. मी मनोहरना म्हटलं, उद्या लीगच्या ऑफिसात फोन करते. ते म्हणाले, मीनाक्षी, तुला वर बसवलंय ते दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून. आता तूच म्हणालीस की मला कळलं नाही, तर परत शिडी चढू देतील का. सोमवारी सकाळी गावच्या पेपरात आलं की कूपर्सची नवी स्कोअरर साडी नेसते आणि हिट फुकट वाटते. मी फोनशेजारी स्टूल घेऊन बसले. साडेबाराला चोवीस तास भरले की काय असं वाटून पुन्हा मोजलं, अजून साडेतीन तास होते. साडेतीन तास बसले आणि उठले.

"काकू, पण टेक्निकली," गिरीश म्हणाला, "क्रिकेटमध्ये तर त्या रन्स बॅट्समनच्याच होत्या ना."

"तो क्रिकेट खेळत नव्हता रे. त्याला काय सांगू, बेळगावात असं असतं?"

गिरीश हसायला गेला आणि थांबला.

"मग तो वर गेला का, हॅग्स्ट्रम?" सिया आता पूर्ण मराठीत विचारत होती, ती फार क्वचित असं करते.

"नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला संघातून काढलं."

"बिकॉज ऑफ दॅट?"

"कुणाला माहीत. एका सामन्याने कुणाला ठेवत नाहीत आणि काढतही नाहीत, असं मी स्वतःला सांगत आले. पण नो-हिटर टाकलेल्या मुलाला आणखी एक उन्हाळा दिला असता. एवढं देतात."

सियाने लॅपटॉप उघडला आणि विचारलं, "पुस्तिकेत काय लिहू?"

वह्या जशा आहेत तशा वाचनालयाला द्यायच्या आणि गप्प बसायचं, हे सगळ्यात सोपं होतं. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, मला सोपं तेच हवं असतं. पण पुस्तिकेत माझ्या नावाखाली 'एक हिट' असं छापलं, तर तीच चूक दुसऱ्यांदा झाली असती, आणि या वेळी हाताच्या सवयीवर ढकलता आली नसती.

हॅग्स्ट्रम फोनच्या डिरेक्टरीत होता, पन्नास मैलांवर, धान्याच्या कोठारांच्या एका गावात. गिरीशने नंबर लावून दिला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. मी नाव सांगितलं. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"साडीवाल्या बाई," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

मी म्हटलं मला भेटायचं आहे. तो म्हणाला मे महिन्यात खुर्च्या द्यायच्या दिवशी तो येणारच आहे, तेव्हा बघू. आणि फोन ठेवला.

खुर्च्यांचा दिवस म्हणजे, पाडायच्या आधी गावाने लोकांना सांगितलं होतं की पाना आणा आणि हवी ती खुर्ची काढून न्या. पुढच्या चार रांगांत १९५८ मध्ये बसवलेल्या हिरव्या पट्ट्यांच्या खुर्च्या होत्या, मागे सगळी बाकं. गिरीश आणि मी पोचलो तेव्हा सगळीकडे बोल्ट सोडवायचा आवाज चालला होता. बोल्ट गंजलेले, कुणी तेल सोडतंय, कुणी हातोडी मारतंय. संघ गेल्याला तेरा वर्षं झाली होती. लीगने नवे नियम केले, इतक्या खुर्च्या, इतके शॉवर, असे दिवे, आणि ते गावाला झेपलं नाही. नंतर काही वर्षं कॉलेजची मुलं खेळली, मग शाळेची, मग गवत. पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा खचून सपाट झाला होता. छपरावरची खोली तशीच होती, पण तिची शिडी कुणीतरी काढून नेली होती. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. मला चढायला लागलं नाही.

"काकू, पिच टाकलं असतं तर काय ग्राउंड होतं," गिरीश म्हणाला. "आमच्या ऑफिसच्या लीगला दिलं असतं."

"आधी पाना आण गाडीतून. एक खुर्ची सियाला हवी आहे."

हॅग्स्ट्रम तिसऱ्या रांगेत बसला होता. पंचावन्न वर्षांचा, पोट सुटलेलं, उजवा खांदा थोडा खाली. मांडीवर पाना, पण खुर्ची सोडवत नव्हता. मी त्याच्याशेजारची एक खुर्ची सोडून बसले. गिरीश मागच्या रांगेत कुठल्यातरी बोल्टशी झटत राहिला, ऐकू येईल इतकाच लांब.

मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. ती एरर होती. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. फोन करायला वेळ होता आणि मी केला नाही, कारण मला माझी जागा जाईल अशी भीती होती. पुस्तिकेत मी हे लिहिणार आहे आणि आपल्या दोघांच्याही नावाने लिहिणार आहे, म्हणून आधी विचारायला आले.

त्याने मांडीवरचा पाना दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "मी कोठारावर ट्रक भरतो. तीस वर्षं. तिथे प्रत्येक नव्या माणसाला मी ही गोष्ट सांगितली आहे. साडीतल्या एका भारतीय बाईने माझा नो-हिटर नेला. ख्रिसमसला मेव्हण्यांना सांगतो. माझी पोरं माझ्याआधी वाक्य पूर्ण करतात."

"सांगणारच," मी म्हटलं. "खरं आहे ते."

"वही आणली आहे?"

पिशवीत होती. मी पान उघडून त्याच्या मांडीवर ठेवलं. तो आठव्या डावाकडे गेलाच नाही. त्याचं बोट दुसऱ्या डावावर थांबलं.

"हे काय लिहिलंय?"

"तिसऱ्या बेसवाल्याची एरर. चेंडू त्याच्या छातीला लागून पडला."

"त्याच्या छातीला." तो हसला, मजेत नाही. "बाई, तो चेंडू मी इतका वाईट टाकला होता आणि त्याने इतका जोरात मारला होता की जगातला कुठलाही तिसऱ्या बेसवाला तो धरू शकला नसता. पोराला आठवडाभर निळा डाग होता. स्वच्छ हिट होती ती. आम्ही सगळे तुमच्या फळ्याकडे बघत होतो. ई पेटला. डगआउटमध्ये, आमच्या खेळाडूंच्या बाकावर, सगळे हसले, म्हणाले डेल, वर बसलेली बाई तुझ्यावर खूश आहे."

मी वही माझ्याकडे ओढली. दुसरा डाव. तीन बारीक अक्षरं, माझी, व्यवस्थित. समासात काहीच नाही. मला तो चेंडू आठवेना. पत्रा आठवला, पेन्सिल आठवली. तो चेंडू अजिबात नाही. पण मी ती एरर का लिहिली असेन ते मात्र कळत होतं. सामन्याच्या सुरुवातीला मी नेहमी स्वतःला बजावायची, मीनाक्षी, इथे खेळाडूंच्या चुका लिहायच्या असतात, विसरू नकोस. मग मी चुका शोधायची. आणि ऊन चढलं, दमले, की अण्णांचा हात परत यायचा.

"म्हणजे हिट एक होतीच," मी म्हटलं.

"एक होतीच. दुसऱ्यात होती. आठव्यात नव्हती." तो खांदा चोळत होता. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आठव्यातलं सगळ्यांना सांगितलं, दुसऱ्यातलं बायकोलासुद्धा नाही. तुम्ही त्या पुस्तकात तुमची चूक लिहिलीत, तर लोक येऊन माझं अभिनंदन करतील. मला ते नको. ही कामाची गोष्ट नाही पंचावन्नाव्या वर्षी."

"मग काय लिहू?"

"वहीत आहे ते. एक हिट, एक एरर. बेरीज तीच येते."

मी त्याला सांगितलं की आमच्याकडे बेळगावात दोन स्कोअरर असत. चहाला बसून शंका मिटवत आणि दोघं सही करत. इथे मी एकवीस वर्षं एकटी बसले. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे, फक्त या पानाखाली नाही, कारण इथे ठिपका आहे. त्याला ठिपका दाखवावा लागला, त्याच्या चष्म्याला तो दिसत नव्हता.

"म्हणजे मी सही करू?"

"दुसरा स्कोअरर म्हणून. तुम्ही तो सामना माझ्यापेक्षा जवळून पाहिला आहे."

मी पेन्सिल दिली. त्याने ती ट्रकच्या पावतीवर सही करायला धरतात तशी मुठीत धरली. "तारीख कुठली घालू? तेव्हाची की आजची?"

अण्णांनी काय सांगितलं असतं मला ठाऊक होतं. शंका ज्या दिवशी मिटली त्या दिवसाची. मी म्हटलं, "आजची." त्याने हळूहळू नाव लिहिलं, खाली १२ मे २००७. मग मी सही केली आणि पर्समधून खोडरबर काढला. ठिपका सहज गेला नाही. इतकी वर्षं दाबलेल्या कागदात तो रुतला होता. मी घासला, फुंकर मारली, परत घासला. ठिपका गेला, त्या जागी कागद विरळ झाला. उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं.

जाताना त्याने खुर्ची नेली नाही. पाना खिशात घातला, मला हात दिला आणि रांगेतून बाजूबाजूने, गुडघे सांभाळत उतरला. मी मागून बघत होते. आता त्याच्याकडे सांगायला गोष्ट राहील की नाही, हे मी त्याला विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

गाडीत गिरीशने खुर्ची मागच्या सीटवर आडवी टाकली होती. तिचा एक पाय माझ्या मानेला लागत होता. पहिल्या सिग्नलला थांबल्यावर तो बोलायला लागला.

"काकू, एक सांगू? राग नका मानू. तो दुसऱ्या इनिंगचं खोटंच बोलला असेल. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"असेल."

"मग?"

"मग काय. सही केली ना त्याने."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते मी त्याला सांगितलं नाही. तो खोटं बोलत असेल तर तो भला माणूस आहे आणि माझी चूक तशीच उरली. तो खरं बोलत असेल, तर ज्या चुकीसाठी मी चौतीस वर्षं झोप उडवून घेतली तिच्याशेजारी दुसरी एक होती आणि मला तिचा पत्ताही नव्हता. मग उरलेल्या एकवीस वह्यांत अशा किती असतील. प्रत्येक चूक म्हणजे कुणीतरी वीस वर्षांचा मुलगा, सप्टेंबरमध्ये बॅग उचलणारा.

घरी आल्यावर मी दुसरी वही उघडली, १९७४ची. पहिला सामना, पहिला डाव. चार नावं वाचली. त्यातलं एकच आठवलं आणि त्याचाही चेहरा नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मोतीबिंदूनंतर थोडं वाचलं की येतं. वही मिटली. गिरीशने सोमवारी सगळ्या वह्या वाचनालयात पोचवल्या.

जूनच्या तेविसाव्या तारखेला पुस्तिका वाटली. आठ पानं, मधे माझ्या शिडीचा फोटो, मिस ब्रँटने कुठूनतरी शोधलेला. निऱ्या हातात धरलेली एक बारीक बाई पाठमोरी चढते आहे. सहाव्या पानावर सियाने टाईप केलेली ओळ आहे: १९ ऑगस्ट १९७३, कूपर्स २, पाहुणे ०, पिचर हॅग्स्ट्रम, एक हिट, एक एरर. खाली मी एक वाक्य जास्त घालायला सांगितलं होतं, आणि सियाने काही न विचारता घातलं: हा निकाल दोघांनी तपासला आहे.

तळं झालं. ऑक्टोबरपासून त्यात पाणी आहे आणि बदकं येतात. सियाची खुर्ची आमच्या व्हरांड्यात आहे. तिच्या होस्टेलच्या खोलीत ती मावली नाही. संध्याकाळी मी तिच्यावर बसते. पट्ट्या टोचतात, पूर्वीही टोचायच्या.